पडद्यामागे पाहिलेले

"तोंड उघड," अम्मा म्हणाली.

माझी मोठी बहीण, दिलशाद आपा, नुकतीच कामावरून आली होती, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. अम्माने तिची हनुवटी धरली, तिला दारातल्या उजेडाकडे वळवले आणि अंगठ्याने तिचा खालचा ओठ खाली ओढला. बाजारात बैल घेताना बघतात तशी ती आपाचे दात बघत होती. आपाला हसू आले, पण कुणी ओठ ओढून धरला असताना हसणे काही जमत नाही.

अम्माने पदराचे टोक घागरीत बुडवले, बोटाला गुंडाळले आणि आपाच्या हिरडीवर घासले. मग पदर उजेडात धरून बघितला. पदर स्वच्छ होता. तिने पुन्हा घासले, या वेळी इतक्या जोराने की आपा कळवळली.

"उद्यापासून शेडवर जायचं नाही," अम्मा म्हणाली.

"का?"

"मी सांगते म्हणून."

आपाने चपला काढल्या, तोंडावर पाणी मारले आणि काही घडलेच नसल्यासारखी डबा घासायला बसली. अम्माच्या लहरी आम्हाला नव्या नव्हत्या. त्यातून त्या दिवशी ती गल्लीत वारलेल्या तस्लीमच्या घरून आली होती, आणि मयताच्या घरून आली की ती दिवसभर कुणाशी धड बोलत नसे.

अम्मा आमच्या गल्लीत मयताला गुस्ल द्यायची, म्हणजे गेलेल्या बाईला शेवटची आंघोळ घालायची. मागच्या अंगणात चारी बाजूंनी चादरी धरायच्या, मध्ये लाकडी तख्ता ठेवायचा, बोरीची पाने घालून पाणी कोमट करायचे आणि त्या आडोशात अम्मा आणि एखादी मदतनीस एवढ्याच आत असायच्या. ती बाई झाकलेलीच असे. हाताला फडके गुंडाळून अम्मा झाकल्या कापडाखालून तिला धुवायची, ओल्या फडक्याने दात पुसायची, नाक पुसायची, शेवटी कापूर घातलेले पाणी. याचे ती काही घेत नसे, चहासुद्धा नाही. पोटापाण्यासाठी ती गोधड्या शिवायची.

या कामाचा एक नियम होता, आणि तो तिला तिच्या सासूने घालून दिला होता. पडद्यामागे जे दिसेल ते त्या पाण्याबरोबर वाहून जायला हवे. कुणाच्या पाठीवर वळ दिसतील, कुणी पोटुशी निघेल, कुणाच्या अंगावर नुसती हाडे असतील. मेलेल्याचे उघडे करणारीला अल्ला कयामतीला उघडे पाडतो, असे दादी सांगायची. अम्माने तो नियम असा पाळला की गल्लीतल्या भांडकुदळ बायकासुद्धा तिच्यापुढे आवाज खाली घेत. जैतुनबीची झाकली मूठ, असे सगळे म्हणत. आपली शेवटची लाज जिच्या हाती जायची आहे तिच्याशी वैर कोण घेईल?

आमची शिकलगार गल्ली म्हणजे शहराचा उकिरडा, असे शहरातले लोक बोलत नसले तरी वागत तसेच. पूर्वी कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारे आम्ही. मग यंत्रमाग आले तेव्हा सगळे मागावर गेले, आणि माग बंद पडले तेव्हा ना माग राहिला ना धार लावायचे चाक. माझे अब्बा त्याच सुमारास गेले. गटार रस्त्यावर, रस्ता घरात, कचऱ्याची गाडी कोपऱ्यावरूनच मागे फिरायची. पोरींना शाळेतून काढून घेत, कारण शाळेत जायला आधी त्या चिखलातून जावे लागे.

त्या चिखलातून आम्हाला बाहेर काढले कुलसुम मॅडमनी. त्या बालवाडीत शिकवायच्या. साधी सुती साडी, छत्री आणि शाळामास्तरणीचा आवाज. त्यांनी घरोघर फिरून बायका गोळा केल्या, मंडळ काढले, आणि एका भंगारवाल्या शेठकडून काम आणले. गल्लीच्या टोकाची बंद मागाची शेड झाडून तिथे जुन्या बॅटऱ्या यायला लागल्या. बायकांनी हातोडीने बॅटरी फोडायची, आतल्या शिशाच्या पट्ट्या काढायच्या, धुवायच्या. मागे भट्टीवर शिसे वितळायचे. काळी धूळ उडायची, पण मागावरही कापसाची धूळ उडतच असे, तेव्हा धुळीचे कुणाला काय. बायका तिथेच घोळका करून जेवायच्या, हसायच्या. ज्या बायकांनी उंबरा ओलांडला नव्हता त्यांच्या हातात आठवड्याचा पगार येऊ लागला. मंडळाने नगरपालिकेच्या दारात धरणे धरले आणि गल्लीत सिमेंटचा रस्ता आला, मग दिवे, मग नळ. ईदला पाहुण्यांना घरी बोलवायची लाज वाटेना. मी बारावीला बसले ती त्याच रस्त्यावरून जाऊन. कुलसुम मॅडमना आम्ही मानत होतो, आणि मी आजही मानते.

आपाला तर त्या शेडने नवा जन्मच दिला. नवऱ्याने तिला मूल होत नाही म्हणून परत पाठवले होते, आणि माहेरी परतलेल्या बाईला गल्ली रोज एकच प्रश्न विचारते. पगार सुरू झाला आणि तो प्रश्न विचारायचे लोकांनी सोडून दिले. माझी फी ती भरायची. अम्माला तिने चष्मा करून दिला. तिच्याकडून हे काम सोडवणे म्हणजे तिला पुन्हा त्या प्रश्नापुढे नेऊन बसवणे होते, आणि अम्मा कारण काही सांगत नव्हती.

पण ती हट्टालाही पेटली होती. दुसऱ्या दिवशी तिने आपाची चप्पल लपवली. आपा अनवाणी गेली. मग अम्माने बोलणे सोडले, मग जेवण सोडले. आपा ताट घेऊन तिच्यापुढे बसली आणि म्हणाली, "अम्मा, एक कारण दे. एकच. पटलं तर आत्ता सोडते."

अम्मा तिच्याकडे बघत राहिली. मी शेजारीच होते. तिचे ओठ हलले, अगदी बोलणार असे वाटले. मग ती म्हणाली, "मला ती जागा चांगली वाटत नाही."

"जागेला काय झालंय? अख्खी गल्ली तिथं जाते."

अम्माने ताट जवळ ओढले आणि खाली मान घालून जेवायला लागली. आपाला वाटले जिंकली. मलाही तसेच वाटले, आणि मी आपाला डोळासुद्धा मारला.

उन्हाळ्यापर्यंत आपाच्या पोटात कळा यायला लागल्या. बसल्या जागी दुमडायची, मग उठून पुन्हा कामाला. चेहरा पांढरा पडत चालला होता. ती म्हणायची, बघ, गोरी व्हायला लागले, आता शोधा नवरा. एकदा भाकरी थापता थापता तिचा हात मनगटातून खाली पडला आणि परातीत तसाच राहिला. ती हाताकडे बघून हसली. अम्मा हसली नाही.

आम्ही तिला डॉक्टरकडे नेले. बिचाऱ्याकडे गर्दी खूप होती. रक्त कमी आहे, पित्त आहे, असे म्हणून त्याने गोळ्या लिहिल्या. तेव्हा अम्मा, जी पुरुषापुढे मान वर करत नसे, ती म्हणाली, "हिच्या हिरड्या बघा."

त्याने बघितल्या. दातांच्या कडेने निळीकाळी रेघ होती, बारीक, काजळाच्या काडीने ओढल्यासारखी. "मिसरी लावायची बंद करा," तो म्हणाला. आमच्याकडे बायका तंबाखू भाजून केलेली मिसरी दाताला लावतात, त्याने दातहिरड्या काळ्या होतात, हे त्यालाही माहीत होते.

"ती मिसरी लावत नाही," अम्मा म्हणाली. "आणि ही पुसून जात नाही."

"मग कशानं झालं? घरात आणखी कुणाला आहे असं?"

अम्माने खुर्चीची कड घट्ट धरली. डॉक्टरने क्षणभर वाट बघितली आणि पुढचे नाव पुकारले. आपा कुठे काम करते ते त्याने विचारले नाही, आणि आपाने सांगितले नाही. मंडळाच्या शेडबद्दल बाहेर वेडेवाकडे बोलायचे नाही, हे गल्लीत ठरलेलेच होते.

त्याच संध्याकाळी अम्मा मला बरोबर घेऊन कुलसुम मॅडमकडे गेली. दिलशादला शेडऐवजी मंडळाच्या खोलीत बसून करायचे काही काम द्या, एवढेच तिचे मागणे होते. मॅडमनी चहा केला, आणि मग शांतपणे समजावले. आज दिलशादला बाजूला काढले तर उद्या प्रत्येक आई येईल. शेठ दुसरीकडे जायला टपलेलाच आहे. त्यांची स्वतःची सून, तबस्सुम, तिथेच हातोडी चालवते, तिला त्यांनी कधी सूट दिली नाही. हे सगळे खरे होते. मग त्यांचा आवाज खाली आला.

"जैतुनबी, तुम्ही काही बघितलंय का? तस्लीमच्या वेळी? अमिनाबीच्या वेळी?"

"मी बघत नाही," अम्मा म्हणाली. "मी धुते."

अमिनाबी म्हातारी होती, वयाने गेली असे सगळे म्हणाले. तस्लीम कोवळी होती, पण तिचे पोट पडले होते, तेव्हा त्याने गेली असे सगळे म्हणाले. दोघी शेडवर जायच्या, पण निम्मी गल्लीच शेडवर जायची. अम्माने एक शब्द दिला असता तर मॅडमनी दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप घातले असते, अशी माझी खात्री आहे. अम्माने चहाचा कप पालथा घातला आणि आम्ही निघालो.

आपा पावसाळा सरताना गेली. आधी झटके आले, मग तिने मला ओळखणे सोडले, सरकारी दवाखान्यात एक रात्र काढली आणि सकाळी आम्ही तिला घरी आणले. मी अठरा वर्षांची होते, आणि माझ्या बहिणीला अंगणात ठेवले होते, आणि मला एवढेच सुचत होते की तिच्या अंगावर ऊन येतेय, कुणीतरी चादर सरकवा.

अंगणात बायका जमल्या. त्यातली जाणती एक अम्माला म्हणाली, तू बस, आज आम्ही करतो. आईने पोटच्या पोरीला गुस्ल द्यायला बंदी नाही, पण कुणाचे काळीज होणार? अम्मा उठली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हते.

"मीच देणार," ती म्हणाली. "पण माझे हात चालायचे नाहीत. घरटी एक बाई या. सगळ्यांनी हात लावा. कुलसुम मॅडम, तुम्ही पहिल्या."

असे कधी झाले नव्हते. पडद्यामागे दोघी-तिघी जातात, गर्दी नाही. पण आईचे दुःख म्हणून कुणी हरकत घेतली नाही. मी चादरीचे एक टोक धरून उभी होते, म्हणून मला सगळे दिसले.

अम्माने आपाला गळ्यापासून पायापर्यंत झाकले होते, नेहमीपेक्षाही जास्त. हात-पाय धुण्याचे तिने स्वतःच केले. मग तिने स्वच्छ पांढरे फडके घेतले, कोमट पाण्यात भिजवले, कुलसुम मॅडमच्या बोटाला गुंडाळले आणि आपाचा ओठ हळूच खाली केला.

"पुसा," ती म्हणाली.

मॅडमनी पुसले. फडके बघितले. पुन्हा पुसले.

"मिसरी असेल," मागून कुणीतरी पुटपुटले.

"मिसरी नाही लावायची ती. जोरानं पुसा."

मॅडमचे बोट थांबले. त्यांनी वर बघितले आणि अगदी हळू विचारले, "जैतुनबी, ही रेघ आणखी कुणाला होती?"

"मी काही सांगत नाही," अम्मा म्हणाली. "तुम्ही बाजूला व्हा. दुसरीला येऊ द्या."

दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येकीच्या बोटाला अम्मा नवे फडके गुंडाळायची, प्रत्येकीला एकच शब्द सांगायची. फडकी एकामागून एक तख्त्याच्या कडेला पडत होती आणि सगळी पांढरी होती. बाहेर पडलेली प्रत्येक बाई नळाकडे जायची, पाठ फिरवायची आणि ओढणीचे टोक ओले करून स्वतःच्या हिरड्या घासायची. कुलसुम मॅडम अंगण ओलांडून सरळ तबस्सुमकडे गेल्या. तबस्सुमला सातवा महिना होता. मॅडमनी तिला भिंतीशी नेले, तिचा ओठ खाली ओढून बघितला, आणि मग त्या तिथेच खाली बसल्या, साडी चिखलात भिजतेय याचे भान न ठेवता.

मयत उठायच्या आत शेडला कुलूप लागले होते. शेठची माणसे दुसऱ्या दिवशी आली, बडबडली आणि सामान ट्रकमध्ये भरून घेऊन गेली. पुढे ते काम कुठल्या तरी दुसऱ्या शहरातल्या, अशाच दुसऱ्या गल्लीत सुरू झाले असे कळले. मॅडमनी टेम्पो करून बायकांना मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईने रक्त तपासले आणि शिशाचे नाव घेतले. बऱ्याच जणी औषधाने सुधारल्या. तबस्सुमचे मूल जगले, थोडे उशिरा बोलायला लागले, पण जगले. मंडळ मोडले नाही, काही वर्षांनी शिवणयंत्रांवर पुन्हा उभे राहिले. पण ते नंतर. त्या महिन्यात गल्लीत पुन्हा पातळ कालवण आले, पोरी पुन्हा शाळेतून निघाल्या, आणि हातावर पोट असलेल्या काही घरांनी आमच्या दारावरून जाताना थुंकणेही सुरू केले. मंडळ जैतुनबीने बुडवले, असे ते म्हणत.

अम्माला त्याचे काही वाटत नव्हते. तिला दुसरेच खात होते. ती झोपेतून उठून हात धुवायची. गल्लीत एक म्हातारी वारली, बोलावणे आले, तर ही गेली नाही. माझे हात आता त्या कामाचे राहिले नाहीत, म्हणाली.

आपाचा चाळीसावा दिवस झाला आणि ती मला म्हणाली, मौलानांकडे चल. आमचे मौलाना थकलेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते, पोरांना कुराण शिकवून उरल्या वेळात कोंबड्या पाळायचे. त्यांच्या ओसरीवर दाराला पडदा होता. ते आत बसले, आम्ही बाहेर. अम्माने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि विचारले की पडद्यामागचे लोकांना दाखवल्याचे प्रायश्चित्त काय. किती रोजे धरावे लागतील? मी जन्मभर धरायला तयार आहे.

मौलानांनी विचारले, काय दाखवलेत. तेव्हा तिने पहिल्यांदा सगळे सांगितले. अमिनाबीच्या हिरड्यांवरची रेघ, जी तिला मिसरी वाटली आणि घासूनही गेली नाही. मग तस्लीम, जी मिसरी लावत नव्हती, आणि तिलाही तीच रेघ. त्या दिवशी घरी येऊन लेकीच्या तोंडात बघितले ते. डॉक्टरपुढे गिळलेला शब्द, मॅडमपुढे गिळलेला शब्द. ती सलग बोलत होती, कुणी तिला थांबवेल या भीतीने बोलावे तशी. मी ओसरीच्या खांबाला धरून ऐकत होते, आणि मला तिचा इतका राग आला आणि तिची इतकी कीव आली की कुठे बघावे कळेना.

एक कोंबडी पडद्याखालून बाहेर आली.

"जैतुनबी," मौलाना म्हणाले, "झाकायचा तो माणसाचा ऐब, त्याची खोट. आजार हा ऐब नाही. आणि सांगितल्यानं जिता जीव वाचणार असेल, तर सांगायला मनाई नाही. कधीच नव्हती. तुम्ही कसलाही गुन्हा केला नाही. रोजे धरू नका."

अम्मा पडद्याजवळ सरकली.

"म्हणजे दिलशादला सांगितलं असतं, तर चाललं असतं?"

मौलानांना तेव्हा कळले असावे की आपण काय बोलून बसलो. पण ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते.

"चाललं असतं," ते म्हणाले.

अम्मा उठली, पडद्याला सलाम केला, चपला घातल्या. कुलसुम मॅडमनी आणलेल्या त्या सिमेंटच्या रस्त्यावरून आम्ही परत निघालो. मी तिचा हात धरला होता आणि मला काहीतरी बोलायलाच हवे होते.

"अम्मा," मी म्हणाले, "सांगितलेलं चालतं, हे तुला कुठं माहीत होतं."

"रेघेचं तर माहीत होतं गं," ती म्हणाली. "मला फक्त तेव्हाच येऊन विचारायचं होतं."